पार्ट मागवायच्या आधी: क्लच आणि स्टीअरिंगच्या फीलबद्दल जरा सविस्तर

पाचशे हॉर्सपॉवर वगैरे सगळं ठीक आहे, पण रोज चालवताना त्यातली किती वापरतो आपण, खरं सांगा. गाडीशी आपला जो काही संबंध येतो तो डाव्या पायातून आणि दोन हातांतून येतो, आणि नेमकं तिथंच सगळं रबरी, मेल्यासारखं, उशिरा कळणारं वाटायला लागलं की गाडी कितीही पळणारी असो, मजा जाते. मग माणूस काय करतो, तर रात्री जागून पार्ट शोधत बसतो. हेवी ड्यूटी प्रेशर प्लेट (क्लचची प्लेट दाबून धरणारी), हलकं फ्लायव्हील (इंजिनाच्या टोकाची जड फिरती चकती), सॉलिड बुश (सांध्यातल्या मऊ कड्यांच्या जागी कडक), जाडजूड स्टीअरिंग व्हील, सगळं कार्टमध्ये. मी बरीच वर्षं माझ्या आणि मित्रांच्या स्पोर्ट्स गाड्यांवर हात काळे करतोय आणि आता माझं मत पक्कं झालंय की यातले निम्मे पार्ट फील वाढवतच नाहीत, ते नुसता जडपणा वाढवतात आणि लोकांना तो जडपणाच फील वाटतो.

फील म्हणजे काय हो शेवटी? क्लचची प्लेट कुठे धरायला लागली ते पायाला तिथल्या तिथे कळणं, आणि पुढच्या टायरची पकड किती शिल्लक आहे ते हाताला कळणं. ही खबर मधल्या मध्ये खाणारे दोघेच, एक घर्षण आणि दुसरा प्ले, म्हणजे सांध्यांतला ढिलेपणा. जड स्प्रिंग टाकून यातलं एकही कमी होत नाही. त्यामुळे माझी पद्धत अशी की आधी हे दोन शोधायचे, आणि ते गेल्यावरही मन भरलं नाही तरच पार्टकडे बघायचं.

क्लचपासून सुरू करतो कारण तिथे फुकटात बरंच काही होतं. सगळ्यात आधी सीट. हसू नका, क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे, पाय ताठ होत असेल तर शेवटचा भाग तुम्ही घोट्याने ढकलताय आणि घोट्याला बाइट पॉइंट, म्हणजे प्लेट धरायला लागते ती जागा, बारीक कळत नाही. जाड फ्लोअर मॅट असेल तर ती काढून बघा, पेडल पूर्ण खाली जातंच नसतं बऱ्याचदा, क्लच अर्धवट सुटतो आणि गिअर अडकतो, मग दोष गिअरबॉक्सला. बुटाचा सोल पातळ असावा हे तर सांगायलाच नको.

मग पेडलच्या वर टॉर्च घेऊन आडवं व्हायचं. पेडल ज्या पिनवर फिरतं तिथे प्लॅस्टिकचा बुश असतो आणि मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की क्लचच्या लाइनमध्ये फ्लुइड ढकलणारा, त्याचा रॉड जिथे पेडलला जोडतो तिथे अजून एक. हा दुसरा बुश झिजून गोलाचा अंडाकृती होतो. पेडल हाताने हळूच एक-दोन बोटांनी दाबून बघायचं, आधी थोडा रिकामा प्ले लागतो, मग रॉड सरकायला लागतो, पण बुश गेला असेल तर मधे एक छोटा टक् लागतो, आवाजापेक्षा बोटालाच जास्त कळणारा. चालवताना पायाला तो वेगळा जाणवत नाही, पण बाइट पॉइंट रोज थोडा इकडेतिकडे वाटतो ना, ते हेच असतं. बदलायला फार काही लागत नाही, फक्त पाठ आणि मान दुखते.

आणि तो जो आधीचा रिकामा प्ले आहे तो पूर्ण काढून टाकायचा मोह होतो, पेडल वरपासूनच धरायला पाहिजे म्हणून रॉड लांब करत जायचा. हे अजिबात करू नका. मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागे आला तरच टाकीकडचं बारीक भोक उघडं पडतं, प्ले शून्य केला की ते भोक बंद राहतं, गरम झालेलं फ्लुइड फुगतं, त्याला परत जायला जागा नसते आणि तेच फ्लुइड स्लेव्ह सिलिंडरला, म्हणजे दुसऱ्या टोकाला क्लच उघडणाऱ्या सिलिंडरला, ढकलत राहतं, म्हणजे तुम्ही पाय न ठेवता क्लच किंचित दाबलेला. थंड गाडी मस्त चालते आणि गरम झाली की क्लच स्लिप होतो, आणि मग लोक म्हणतात प्लेट गेली.

फ्लुइडचा विषय निघालाच आहे तर, क्लचचं फ्लुइड म्हणजे बहुतेक गाड्यांत ब्रेकचंच डॉट ४, आणि ते हवेतलं पाणी शोषतं. ब्रेकचं बदलताना क्लचचं राहून जातं कारण बऱ्याच गाड्यांत टाकी एकच असते पण क्लचच्या लाइनमधलं जुनं तसंच पडून राहतं. स्लेव्ह सिलिंडर बेलहाउसिंगला (क्लचभोवतीचं गिअरबॉक्सचं कवच) चिकटून किंवा आतच असतो, तिथली उष्णता, सिलच्या रबराचा भुगा, क्लचची धूळ, सगळं त्यात. ब्लीडिंग निपलला पारदर्शक नळी लावून हवा काढताना बघा एकदा, आधी काळपट, गढूळ पाणी येतं, मग चहाच्या रंगाचं, आणि मग एकदम स्वच्छ सोनेरी, आणि ती सीमा नळीत सरकताना स्पष्ट दिसते. कॉर्व्हेटच्या सी५ आणि सी६ या पिढ्यांच्या मालकांमध्ये तर हा नेमच आहे, त्यात क्लचची टाकी वेगळी असल्यामुळे ते सिरिंजने टाकीतलं काळं फ्लुइड ओढून नवीन घालतात, पेडल पंप करतात, परत ओढतात, स्वच्छ होईपर्यंत. जास्त आरपीएमला गिअर टाकताना पेडल खालीच अडकून राहण्याची जी तक्रार असते ती निव्वळ एवढ्याने कमी झाल्याचं अनेकांनी अनुभवलंय. फ्लुइडबरोबर जमलं तर लाइन पण बदला, स्टीलच्या जाळीची, पण तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका, जुनं रबर फुगत असेल तर फरक आहे, चांगल्या रबरी लाइनच्या जागी घातली तर बहुतेक फरक तुमच्या मनात आहे.

काही गाड्यांत कंपनीनेच फील मारून ठेवलेला असतो. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच मॅन्युअल गाड्यांत क्लचच्या लाइनमध्ये एक डिले व्हॉल्व्ह असतो, आत बारीक भोक, त्यामुळे तुम्ही पाय झटकन सोडला तरी फ्लुइड हळूहळूच परत येतं आणि क्लच आपल्या सवडीने धरतो. हेतू चांगला आहे, कुणी पाय धाडकन सोडला तर गिअरबॉक्स आणि ड्राइव्हशाफ्टला झटका बसू नये, पण चांगल्या ड्रायव्हरच्या पायाचा आणि प्लेटचा संबंधच तुटतो, शिवाय प्रत्येक फास्ट शिफ्टला प्लेट थोडी घसरते ते वेगळंच. तो व्हॉल्व्ह काढणं हे बहुधा पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त फरक पाडणारं काम असेल. २०१५ पासूनच्या फोर्ड मस्टँगमध्ये वेगळी भानगड, पेडलला एक मदतनीस स्प्रिंग आहे जी अर्ध्यानंतर पेडल स्वतःच खाली ओढते, म्हणजे पायाला जोर कमी लागतो पण जिथे बाइट पॉइंट शोधायचा नेमक्या तिथेच स्प्रिंगची ढवळाढवळ. लोक ती काढतात किंवा मऊ टाकतात. इथे पेडल जड होतं हे खरं, पण हा जडपणा प्रामाणिक आहे, प्रेशर प्लेटचा स्वतःचा.

पोर्शे ९९६ टर्बोचं तर आणखी पुढचं, तिथे क्लचला हायड्रॉलिक मदत मिळते ती पॉवर स्टीअरिंगच्या पंपाकडून. म्हणजे पेडल एकाएकी दगडासारखं झालं तर क्लच उघडायच्या आधी स्टीअरिंगच्या फ्लुइडची पातळी बघायची, स्लेव्हमधून ते गळत असू शकतं. काही मालक ती मदत काढून पोर्शेच्याच जीटी२ चा बिनमदतीचा स्लेव्ह लावतात.

आता पेडल जड होत चाललंय अशी तक्रार असेल तर एक लक्षात ठेवा, जुनी प्लेट झिजून पातळ झाली की प्रेशर प्लेटमधल्या चकतीसारख्या डायफ्राम स्प्रिंगच्या पाकळ्यांचा कोन बदलतो आणि साध्या क्लचमध्ये पेडल हळूहळू जड होत जातं. सेल्फ अ‍ॅडजस्टिंग प्रेशर प्लेट याच कारणासाठी आली. तेव्हा जुनी गाडी घेताना "काय भारी जड क्लच आहे, एकदम रेसिंग" असं वाटलं तर जरा थांबा, तो संपत आलेला क्लच असू शकतो. दुसरं कारण रिलीज बेअरिंग (त्या पाकळ्या दाबणारं) ज्या नळीवर सरकतं ती सुकणं किंवा त्याला ढकलणाऱ्या फोर्कचा टेकू झिजणं, त्यात पेडल दाबताना खरखर लागते, ते गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय होत नाही आणि उतरवलाच आहे तर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक धरणारं पायलट बेअरिंग पण बदलून टाका.

मास्टर सिलिंडर मोठा टाकायचा सल्ला कुणी दिला तर आधी हिशोब करा. १५.८७ मिमीच्या जागी १९.०५ मिमीचा घातला तर व्यास पाचवा हिस्साच वाढला असं वाटतं, पण क्षेत्रफळ वर्गात वाढतं, १.४४ पट. तेवढ्याच पेडलच्या चालीत ४४ टक्के जास्त फ्लुइड सरकणार, म्हणजे बाइट पॉइंट आखूड आणि वर, पण तेवढाच दाब तयार करायला पाय पण ४४ टक्के जास्त जोर लावणार. आणि जास्त सरकलेलं फ्लुइड डायफ्रामला त्याच्या हद्दीबाहेर ढकलू शकतं, मग पेडलला स्टॉप लावावा लागतो. ट्रॅफिकमध्ये ज्याला उभं राहायचं त्याने हे करू नये असं माझं स्पष्ट मत.

हलकं सिंगल मास, म्हणजे एकसंध, फ्लायव्हील हा माझा आवडता वादाचा विषय. ड्युअल मासच्या, म्हणजे दोन भागांच्या फ्लायव्हीलच्या, आत स्प्रिंगा असतात, इंजिनाचे झटके त्या गिळतात, म्हणून आयडलला गिअरबॉक्स शांत. सिंगल मास टाकलं की न्यूट्रलला खडखड, गाडी सुटताना बंद पडायची भीती, पण आरपीएम झपकन चढतात-उतरतात आणि हील-टो (एकाच पायाने ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर) करताना जो आनंद आहे तो आहेच. फक्त एक तपासा, गिअर बदलताना आरपीएम खाली यायला वेळ लागतोय तो फ्लायव्हीलमुळे की ईसीयू, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमुळे. आजकालच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल उत्सर्जनाच्या नियमांसाठी मुद्दाम थोडा उघडा ठेवतात, आणि लोक क्लच बदलून बसतात. क्लच सोडताना धक्का बसतोय यातही क्लचचा संबंध नसतो बऱ्याचदा, इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंट्स (रबरी टेकू) किंवा डिफरन्शियलचे बुश बसलेले असतात, सगळा गठ्ठा आधी हलतो आणि मग गाडी हलते.

बरं, स्टीअरिंग.

इथे आधी थोडी थिअरी, कारण ती कळली की अर्धे पार्ट आपोआप रद्द होतात. वळताना पुढचा टायर जो आडवा जोर लावतो तो टायर जिथे रस्त्याला टेकतो त्या ठशाच्या बरोबर मध्यावर लागत नाही, थोडा मागे लागतो. हे अंतर म्हणजे न्यूमॅटिक ट्रेल, आणि याच्यामुळेच स्टीअरिंग स्वतःहून सरळ व्हायला बघतं. आता गंमत अशी की टायर पकडीच्या टोकाजवळ जायला लागला की हे अंतर कमी व्हायला लागतं, आणि ते पकड पूर्ण संपायच्या आधी कमी होतं. म्हणजे हाताला स्टीअरिंग किंचित हलकं लागतं, आणि ती असते टायरची सूचना, बाबा रे, आता फार नाही उरलेलं. चांगल्या गाडीत फील फील म्हणून जे म्हणतात ते मुख्यतः हेच, हा हलकेपणा कळणं.

दुसरा भाग कॅस्टरचा, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कललेला कोन. कॅस्टर वाढवला की मेकॅनिकल ट्रेल, म्हणजे तो अक्ष रस्त्याला टेकतो तिथपासून टायरच्या ठशाचं अंतर, वाढतो, स्टीअरिंग जड होतं, मध्याला घट्ट येतं, सरळ रस्त्यावर छान वाटतं. पण मेकॅनिकल ट्रेल पकडीबरोबर कमी होत नाही, तो तसाच असतो. त्यामुळे कॅस्टर भरमसाट वाढवला तर एकूण जोरातला न्यूमॅटिकचा वाटा कमी पडतो आणि ती सूचना झाकली जाते. स्टीअरिंग जड झालं आणि फील कमी झाला, दोन्ही एकाच वेळी. स्पोर्ट मोडचं बटण दाबल्यावर पण बहुतेक इलेक्ट्रिक स्टीअरिंगमध्ये हेच होतं, मोटर मदत कमी करते, टायरची बातमी तेवढीच राहते. मी स्वतः स्टीअरिंग कायम नॉर्मलला आणि बाकी सगळं स्पोर्टला ठेवतो, गाडीत वेगवेगळं सेट करता येत असेल तर करून बघा.

लोटस एलिस १९९६ ची घ्या, पॉवर स्टीअरिंगच नाही, पुढे टायर फक्त १८५ रुंदीचे, आणि आजही फीलचं नाव निघालं की तिचंच नाव. अल्फा रोमिओ ४सी पण बिनपॉवरची. १९९० च्या होंडा एनएसएक्समध्ये सुरुवातीला मॅन्युअलला मदतच नव्हती आणि ऑटोमॅटिकला इलेक्ट्रिक होती. पोर्शेने २०११ मध्ये ९११ च्या ९९१ या पिढीला इलेक्ट्रिक दिलं तेव्हा केवढी रडारड झाली होती, आणि मॅकलॅरेनने आर्टुरासारख्या हायब्रिडमध्येसुद्धा हायड्रॉलिक सोडलं नाही. पण फक्त हायड्रॉलिक की इलेक्ट्रिक एवढ्यावर भांडण्यात अर्थ नाही, झिजलेल्या हायड्रॉलिकपेक्षा नीट जुळवलेलं इलेक्ट्रिक कधीही बरं, विशेषतः मोटर कॉलमवर (स्टीअरिंगचा दांडा) नसून रॅकवर (चाकं वळवणारी दातेरी पट्टी) असेल तर.

टायर पहिला, बाकी सगळं नंतर. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा, रबर जुनं होऊन कडक झालं असेल तर ट्रेड कितीही शिल्लक असो, हाताला काही येत नाही. प्रेशर थंड असताना स्वतःच्या गेजने बघायचं आणि एक-दोन पीएसआय वर-खाली करून त्याच ओळखीच्या वळणावर चालवून बघायचं, फरक कळतो. रुंद टायर टाकला की ठसा रुंद आणि आखूड होतो, न्यूमॅटिक ट्रेल कमी, शिवाय रस्त्यावरच्या खाचांमागे गाडी भरकटते. तीच गोष्ट चाक बाहेर काढणाऱ्या स्पेसरची, दिसायला झकास, पण स्क्रब रेडियस, म्हणजे चाकाच्या वळण्याच्या अक्षापासून टायरच्या मध्याचं आडवं अंतर, वाढतो आणि प्रत्येक खड्डा स्टीअरिंगला हिसका देतो. हिसका म्हणजे फील नव्हे.

आता माझं सगळ्यात आवडतं काम, कॉलमचा खालचा युनिव्हर्सल जॉइंट. हा बहुतेक गाड्यांत एक्झॉस्टच्या उष्णतेत आणि चाकाच्या चिखलपाण्याच्या आसपास असतो आणि त्याच्या आतली बारीक बेअरिंग्ज गंजतात. ओळखायचं असं, पुढची दोन्ही चाकं जॅकवर घेऊन गाडी स्टँडवर नीट ठेवायची, इंजिन बंद, आणि स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचं. एकसारखा जोर लागत असेल तर ठीक. पण जड-हलकं-जड-हलकं असं एका फेऱ्यात दोनदा जाणवलं तर जॉइंट. खात्री करायला स्टीअरिंग सरळ करून लॉक करायचं, जॉइंट आणि रॅकच्या दांड्यावर पेंटने खूण करायची आणि बोल्ट काढून जॉइंट मोकळा करायचा. लॉक विसरलात आणि वरचं स्टीअरिंग मोकळं फिरलं तर एअरबॅगची क्लॉकस्प्रिंग (स्टीअरिंगमधली गुंडाळलेली वायर) तुटते, तेवढं सांभाळा. मोकळा झालेला जॉइंट हातात धरून वाकवायचा. चांगला असेल तर स्वतःच्या वजनाने लुळा पडतो, दोन्ही दिशांना. गेलेला असेल तर एका दिशेला पडतो आणि दुसऱ्या दिशेला जिथे ठेवाल तिथे उभा राहतो, वाकवला की बोटांना कचकच लागते आणि वाटेत दात असल्यासारखे टप्पे. विचार करा, टायरची ती एवढीशी हलकेपणाची बातमी या कचकचीतून वर यायची असते. नवीन जॉइंट लावून मित्राची गाडी फिरवून आणली तर तो म्हणाला रॅक बदललास का.

याच्या उलट उपाय म्हणजे रॅकचा नट आवळणं. रॅकच्या मागे एक स्प्रिंगवाला टेकू असतो, तो दातांना पिनियनवर (स्टीअरिंगच्या दांड्याच्या टोकाचा छोटा गिअर) दाबून धरतो, आणि स्टीअरिंगला प्ले आहे म्हटलं की काही मिस्त्री सरळ तो आवळून देतात. प्ले गेल्यासारखं वाटतं, स्टीअरिंग "टाइट" होतं, गिऱ्हाईक खूश. पण वळणातून बाहेर येताना हात सैल सोडला तर स्टीअरिंग परत मध्याला येत नाही, अर्ध्यात राहतं. घर्षण वाढवून प्ले लपवला, बाकी काही नाही, आणि प्ले बहुतेक टाय रॉडच्या (रॅकपासून चाकाला जाणारा दांडा) आतल्या जॉइंटमध्ये किंवा लोअर आर्मच्या बुशमध्येच असतो, तो तसाच आहे.

रॅक ज्या रबरी बुशवर बॉडीला बसलेला असतो ते मात्र जरूर बदला. स्टीअरिंग फिरवताना दुसऱ्याला बॉनेटखाली बघायला सांगा, रॅक स्वतःच दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे सरकत असेल तर तेवढी हालचाल चाकापर्यंत पोचतच नाही. इथे पॉलियुरेथेन किंवा अ‍ॅल्युमिनियम चालतं, आवाज थोडा येतो पण मध्यावरचा मऊपणा जातो. सस्पेन्शन आर्ममध्ये मात्र सरसकट पॉली नको, जो बुश एकाच वेळी दोन-तीन दिशांना पिळला जातो तिथे पॉली अडकतो आणि परत घर्षण. तिथे नवीन ओरिजिनल रबर किंवा मग थेट गोलाकार बेअरिंग, आवाजाची तयारी असेल तर.

हायड्रॉलिकवाल्यांनी फ्लुइड कोणतं ते मॅन्युअलमध्ये बघूनच घाला, हिरवं पेंटोसिन आणि लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) एकत्र करू नका. बदलल्यावर चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टीअरिंग टोकापासून टोकापर्यंत सावकाश फिरवत हवा काढायची, टाकीतले बुडबुडे थांबेपर्यंत. लगेच इंजिन चालू केलंत तर पंप सगळ्याचा फेस करतो.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, कारण वरचं काहीही हललं की ते बदलतं. रस्त्यावरच्या गाडीला पुढे थोडा टो-इन (चाकांची पुढची टोकं किंचित आत), उणे दीड-दोन डिग्री कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत कललेला) गाडीला झेपत असेल तर, आणि कॅस्टर दोन्ही बाजूंना सारखा. टो-आउट केलं की गाडी वळणात चाकूसारखी शिरते पण सरळ रस्त्यावर सतत कुठेतरी जायला बघते, रोज चालवायची असेल तर दोन दिवसांत कंटाळाल.

राहिलं स्टीअरिंग व्हील. ३७० मिमीचं काढून ३५० चं लावलं तर तेवढ्याच टॉर्कला हाताला साधारण ६ टक्के जास्त जोर लागतो, म्हणजे परत जडपणाच, शिवाय एअरबॅग जाते ती गोष्ट लहान नाही. मला तर व्यासापेक्षा रिमची जाडी महत्त्वाची वाटते. हल्ली सगळ्या स्पोर्ट्स कारना उशीसारखी फुगलेली रिम देतात, त्यातून काय कळणार बोटांना, जुन्या गाड्यांच्या सडपातळ रिम हातात घेऊन बघा एकदा. एअरबॅग तशीच ठेवून फक्त आतलं फोम पातळ करून नवीन लेदर शिवून देणारे लोक आहेत, माझ्या गाडीचं तेवढंच काम बाकी आहे, बाकी इंजिनाची माउंट्स पुढच्या सर्व्हिसला.